तुर्कांना जो न्याय, तोच कुर्दांना

१९८४च्या अखेरीस बल्गेरियाच्या कम्युनिस्ट सरकारने आपल्या देशातल्या तुर्कांची नावे सक्तीने बदलायला घेतली. मुसलमानी नावे कागदोपत्री पुसून त्यांच्या जागी स्लाव नावे आली, चारचौघांत तुर्की बोलण्यावर बंदी आली. १९८९च्या उन्हाळ्यात तीन लाखांहून अधिक माणसे घरदार सोडून तुर्कस्तानात आली. तुर्कस्तानने त्यांना आसरा दिला, जगभर आवाज उठवला, आणि योग्यच केले. पुढे फेब्रुवारी २००८मध्ये कोलोन शहरात जर्मनीतल्या तुर्कांपुढे बोलताना तुर्कस्तानचे तेव्हाचे पंतप्रधान एर्दोगन यांनी एखाद्या समाजाची ओळख पुसून त्याला दुसऱ्यात विरघळवणे हा मानवतेविरुद्धचा गुन्हा असल्याचे सांगितले. हे तत्त्व मला संपूर्ण मान्य आहे. ते तुर्कस्तानातल्या कुर्दबहुल दियारबकिरलाही लागू करा, इतकेच माझे म्हणणे आहे. कारण सोफियाचे सरकार तुर्की नावे खोडत होते, त्याच काळात तुर्कस्तानात १९८३चा २९३२ क्रमांकाचा कायदा अमलात होता. त्याने कुर्दीतून लिहिणे, छापणे, प्रसारित करणे बेकायदा ठरवले होते, आणि तो १९९१पर्यंत टिकला.

यावर नेहमी सांगितले जाते की कुर्द तिथे दुय्यम नाहीतच. ते खासदार होतात, मंत्री होतात, सेनाधिकारी होतात. होतात, हे खरे. पण कोणत्या अटीवर? १९८२च्या राज्यघटनेचे कलम ६६ सांगते की नागरिकत्वाने राज्याशी बांधलेला प्रत्येक जण तुर्क आहे. म्हणजे समतेचा दरवाजा उघडा आहे, पण आत जाताना कुर्दपण उंबऱ्याबाहेर ठेवायचे. ६ नोव्हेंबर १९९१ रोजी कुर्द खासदार लेयला झाना यांनी संसदेत तुर्कीतून शपथ घेतली आणि शेवटी कुर्दीत एकच वाक्य जोडले. तुर्क आणि कुर्द यांच्या बंधुभावासाठी आपण ही शपथ घेत आहोत, असा त्याचा आशय होता. सभागृहात गदारोळ झाला. १९९४मध्ये सशस्त्र संघटनेशी संबंध असल्याच्या आरोपावरून त्यांना १५ वर्षांची शिक्षा झाली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने तो खटला न्याय्य नसल्याचा निर्वाळा दिला, तरी सुटकेला २००४ उजाडले. आणि संसदेचे इतिवृत्त पाहा. सदस्य कुर्दीत बोलला की 'अज्ञात भाषेत' काही बोलला, अशी नोंद तिथे वर्षानुवर्षे होत आली. नंतर तिची जागा तुर्कीत नसलेले शब्द उच्चारल्याच्या तळटीपेने घेतली. कोट्यवधी नागरिकांची बोली ज्या सभागृहाला नावानेही नोंदवता येत नाही, तिथे समता आहे असे म्हणायचे कसे?

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. २००९पासून सरकारी कुर्दी वाहिनी आहे, २०१२पासून शाळेत पाचवीपासून कुर्दी हा ऐच्छिक विषय घेता येतो, २०१३च्या सुधारणांनी कुर्दीत लागणाऱ्या क्यू, डब्ल्यू आणि एक्स या अक्षरांवरची बंदीही उठली. मग आता तक्रार कसली? हे बदल खरे आहेत आणि त्यांचे स्वागत केले पाहिजे. त्याआधी 'नेवरोझ' या सणाच्या शुभेच्छा डब्ल्यू घालून छापल्या म्हणून महापौरांवर खटले भरले जात होते, हे आठवले की त्यांची किंमत कळते. पण जे मिळाले ते सवलत म्हणून मिळाले, हक्क म्हणून नाही, आणि सवलत देणारा हात ती काढूनही घेऊ शकतो. २०१६च्या आणीबाणीत निवडून आलेले कुर्द महापौर हटवून सरकारी विश्वस्त नेमले गेले, 'अजादिया वेलात' हे कुर्दी दैनिक एका हुकमाने बंद झाले. न्यायालयात कुर्दीतून बचाव करण्याची मुभा २०१३मध्ये मिळाली, पण दुभाष्याचा खर्च आरोपीच्या माथी मारला गेला. आणि ऐच्छिक विषय म्हणजे आठवड्याला दोन तास, तेही किमान दहा मुलांनी मागणी केली आणि शिक्षक मिळाला तर. सहाव्या वर्षी वर्गात पाऊल टाकणाऱ्या मुलाला त्याचा काय उपयोग? त्याला गणितही तुर्कीतून शिकायचे असते, आणि तुर्कीही तुर्कीतूनच.

सगळ्यात मोठी भीती देश फुटण्याची. भाषेला मान दिला की उद्या स्वतंत्र राष्ट्र मागतील, असे सांगितले जाते. घटनांचा क्रम तपासा. भाषाबंदीचा कायदा १९८३चा, पीकेके या कुर्द संघटनेचा सशस्त्र लढा १९८४पासूनचा. लढ्यामागे इतरही कारणे होती. पण बंदीने ऐक्य राखले नाही, एवढे तर निर्विवाद आहे. चाळीस हजारांच्या आसपास माणसे मेली. भाषेच्या प्रश्नावर पूर्व पाकिस्तानात १९५२मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, श्रीलंकेने १९५६मध्ये सिंहलीला एकमेव राजभाषा केले; पुढे काय झाले ते सर्वांसमोर आहे. आपल्याकडे भाषावार राज्यांनी देश तुटेल अशी धास्ती होती. राज्ये झाली, देश उभा आहे. शिवाय तुर्की प्रजासत्ताकाला मान्यता देणाऱ्या १९२३च्या लोझान तहातच, कलम ३९मध्ये, कोणत्याही नागरिकाला व्यापारात, छापील मजकुरात, सार्वजनिक सभेत कोणतीही भाषा वापरण्याची मोकळीक दिलेली आहे. तेव्हा निदान या मोकळिकीला परदेशी कारस्थान म्हणता येणार नाही.

मातृभाषेची मागणी म्हणजे दहशतवादाला खतपाणी, असेही म्हटले जाते. पीकेकेने गावच्या शाळांतल्या शिक्षकांना मारले आहे. त्याचे समर्थन कोणत्याही कारणाने होऊ शकत नाही. पण मुलाचा हक्क बंदुकीचे बक्षीस म्हणून द्यायचा नसतो आणि बंदुकीची शिक्षा म्हणून काढूनही घ्यायचा नसतो. आता तर मे २०२५मध्ये पीकेकेने विसर्जन जाहीर केले आहे. ती सबबही उरलेली नाही. राहिला प्रश्न कुर्दी अविकसित असल्याचा, कुर्मांजी आणि झाझाकी या तिच्या बोली वेगळ्या असल्याचा. वेगळ्या असतील तर दोन्ही शिकवाव्यात. आधी शाळेत बंदी घालायची आणि मग त्या भाषेत शालेय पुस्तके नाहीत म्हणून बोट दाखवायचे, हा युक्तिवाद प्रामाणिक नाही. शेजारच्या इराकमध्ये २००५च्या घटनेने अरबीबरोबर कुर्दी राजभाषा केली. तिथल्या कुर्द भागात शाळा कुर्दीत चालतात, विद्यापीठांतही कुर्दीतून शिकवले जाते.

तुर्की शिकू नका, असे कोणी म्हणत नाही. नोकरीसाठी, व्यवहारासाठी, परस्परांशी बोलण्यासाठी ती सर्वांना हवीच आहे. मागणी साधी आहे: जिथे पालक मागतील तिथे सरकारी शाळेत पहिल्या इयत्तेपासून कुर्दीतून शिक्षण आणि सोबत तुर्की, न्यायालयात आणि दवाखान्यात सरकारी खर्चाने दुभाषा, पालिकेचे कामकाज लोकांना कळेल अशा भाषेत. तुर्क समाजशास्त्रज्ञ इस्माइल बेशिकची यांनी कुर्दांबद्दल लिहिले म्हणून सतरा वर्षे तुरुंगात काढली; हा प्रश्न तुर्कांच्या सदसद्विवेकाचाही आहे, याचा यापेक्षा मोठा पुरावा नको. आणि या सगळ्याची सुरुवात एकाच ठिकाणी होऊ शकते. राज्यघटनेचे कलम ४२ म्हणते की तुर्कीखेरीज कोणतीही भाषा नागरिकांना शिक्षणसंस्थेत मातृभाषा म्हणून शिकवता येणार नाही. ते वाक्य घटनेतून वगळले पाहिजे.