पाटी चुकली म्हणून दार बंद

अमेरिकेतील उच्च शिक्षण म्हटले की महाराष्ट्रातील मध्यमवर्गीय घरात हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी एवढीच नावे ओठांवर येतात. वस्तुतः त्या देशातील पदवीपूर्व विद्यार्थ्यांपैकी जवळपास एक तृतीयांश विद्यार्थी शिकतात ते कम्युनिटी कॉलेजात. १९०१ साली इलिनॉय राज्यातील जोलिएट येथे अशा पहिल्या सार्वजनिक महाविद्यालयाचा प्रारंभ झाला. १९४७ मध्ये ट्रुमन यांनी नेमलेल्या आयोगाने त्यांचे जाळे देशभर पसरवण्याची शिफारस केली आणि आज त्यांची संख्या सुमारे एक हजार आहे. दोन वर्षांचा अभ्यासक्रम, अल्प शुल्क आणि प्रवेशासाठी गुणांची चढाओढ नाही. येथे येणारे बहुसंख्य विद्यार्थी अर्धवेळ शिकतात. वसतिगृहे बहुतेक ठिकाणी नाहीतच. सकाळी दोन तास करायचे, दुपारी दुकानात किंवा गोदामात उभे राहायचे आणि रात्री घरी पोहोचायचे. मधल्या वेळात टेकायला जागा कोणती, तर स्वतःची मोटार!

अशा महाविद्यालयात 'बहुसांस्कृतिक विद्यार्थी केंद्र' अशी पाटी असलेल्या एक-दोन खोल्या असतात. चार कोच, भिंतीवर जगाचा नकाशा, उसनी मिळणारी पाठ्यपुस्तके आणि मुख्य म्हणजे एक समुपदेशक. ज्याच्या घरात महाविद्यालयाची पायरी आजवर कोणी चढलेले नाही, त्या मुलाला शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरावा, विद्यापीठात पुढे कसे जावे, हे सांगणारे बहुधा हेच एक माणूस असते. वर्षातून काही सणही तेथे साजरे होतात. पण केंद्राचे खरे मोल सणांच्या पताकांत नाही.

या खोल्या कुणी दान म्हणून दिलेल्या नाहीत. ऑकलंडच्या मेरिट कॉलेजात, जे कम्युनिटी कॉलेजच आहे, ह्यूई न्यूटन आणि बॉबी सील यांची भेट झाली. कृष्णवर्णीयांचा इतिहास शिकवला जावा, ही मागणी तेथे उठली आणि पुढे १९६६ मध्ये या दोघांनी ब्लॅक पँथर पक्ष स्थापन केला. त्यांच्या बंदुकीच्या राजकारणाचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु आपला इतिहास आपल्याला शिकवा, ही मागणी अन्याय्य कशी म्हणावी? नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट कॉलेजात सुरू झालेला विद्यार्थ्यांचा संप साडेचार महिने चालला. वांशिक अभ्यासाचे विभाग आणि पुढे अशी केंद्रे उभी राहिली, ती या दशकातील रेट्यामुळे. साऱ्यांनी एका मुशीत वितळून 'अमेरिकन' व्हावे, हा जुना आग्रह तेथे सपशेल नाकारला गेला.

मात्र मूस नाकारली, तरी साचे आलेच. केंद्रांची रचना संस्कृतीवर न होता वंशाच्या रकान्यांवर झाली. या रकान्यांचा पोकळपणा भारतीयांइतका कोणी अनुभवला नसेल. १९२० ते १९४० या तीन जनगणनांत अमेरिकेने 'हिंदू' हा चक्क वंश ठरवला होता, आणि त्यात पंजाबातून आलेले शीख व मुसलमानही मोजले. १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने भारतीय गोरे नव्हेत असा निर्णय देऊन त्यांना नागरिकत्व नाकारले. १९७० च्या जनगणनेत तेच भारतीय गोऱ्यांत धरले गेले! अखेर १९८० पासून 'एशियन इंडियन' हा स्वतंत्र रकाना मिळाला. आज भारतीय, चिनी, व्हिएतनामी, फिलिपिनो हे सारे 'एशियन' या एकाच छत्राखाली. यांना जोडणारी कोणती संस्कृती आहे, याचे उत्तर नकाशाच देऊ शकेल.

जे सरकारी रकान्यावर उभे असते, ते सरकारी लेखणीने पुसलेही जाते. टेक्सासच्या विधिमंडळाने २०२३ मध्ये कायदा करून सार्वजनिक विद्यापीठांतील आणि कम्युनिटी कॉलेजांतीलही 'विविधता' कार्यालयांना बंदी घातली. तो १ जानेवारी २०२४ रोजी लागू झाला आणि ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठातील बहुसांस्कृतिक केंद्राला टाळे लागले. त्याच वर्षी युटामध्येही असाच कायदा झाला. राज्याने नागरिकांची कातडीच्या रंगावरून विभागणी करू नये, हे कायद्याच्या समर्थकांचे म्हणणे सहज झटकून टाकता येणार नाही. पण मग पाटी बदलायची होती. आधाराची गरज असणाऱ्या प्रत्येकाला, तो कोणत्याही रंगाचा असो, तीच खोली मोकळी करता आली असती. पाटी चुकली म्हणून दारच बंद करणे हा कुठला न्याय?

येथे कोणी बृहन्महाराष्ट्र मंडळाचे उदाहरण देईल, आणि ते रास्तही आहे. १९८१ पासून उत्तर अमेरिकेतील मराठी मंडळांना जोडणारी ही संस्था समाजाच्या स्वतःच्या बळावर उभी आहे. रविवारच्या मराठी शाळा पालक स्वतःच चालवतात. कोणत्याही राज्याच्या विधिमंडळाला त्यांना टाळे लावता येत नाही. परंतु हे बळ सुशिक्षित, सुस्थित पालकांचे आहे. ज्याचे आईवडील दोघेही पाळीवर कामाला जातात आणि घरी इंग्रजी जेमतेम बोलतात, त्या डॅलसमधल्या मुलाने कोणत्या मंडळाचे दार ठोठवायचे?

टेक्सासच्या कायद्याने विद्यार्थ्यांच्या मान्यताप्राप्त संघटनांना बंदीतून वगळले आहे. म्हणजे मुलांनी एकत्र यावे, खोली मागून घ्यावी, दिवाळी करावी, याला आडकाठी नाही. सण राहतील. मात्र शिष्यवृत्तीचा अर्ज हातात घेऊन कोचावर शेजारी बसणारा तो पगारी समुपदेशक आता त्या पाटीखाली भेटणार नाही.