खिळा भाडेकरूचा, भिंत मालकाची!

जयपूरचा उन्हाळा आणि जयपूरचा घरमालक या दोहोंना तोंड देत जो श्रमिक एखाद्या खोलीत चार वर्षे काढतो, त्याने त्या खोलीत केवळ भाडे ओतलेले नसते. सांगानेरला कापडावर ठसे उमटवणारा छपाईगार असो, विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातील यंत्रावर उभा राहणारा मजूर असो की परकोट्यातील गल्लीत रत्नांना पैलू पाडणारा कारागीर असो, खोली घेताना त्याच्या पदरात बहुधा चार भिंती, एक दार आणि एक दिवा एवढेच पडते. खिडकीबाहेर कूलरसाठी लोखंडी स्टँड तो ठोकतो. ठराविक वेळीच येणारे पाणी साठवण्यासाठी गच्चीवर टाकी तो चढवतो. पंखा, गिझर, मोरीतला नळ, स्वयंपाकघरातील फळ्या हे सारे त्याच्याच मजुरीतून उभे राहते. आणि घर सोडण्याच्या दिवशी मालक उंबरठ्यात उभा राहून निवाडा देतो : ‘भिंतीला जे लागले, ते भिंतीचे झाले!’ वाद घातल्यास अनामत रक्कम अडकवून ठेवण्याचे हत्यार त्याच्या हाती असतेच.

हा निवाडा कायद्याचा आहे काय? मुळीच नाही. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम १०८ मधील ‘ह’ हा खंड स्पष्टपणे सांगतो की, भाडेकरूने जमिनीस जोडलेल्या वस्तू त्याला काढून नेता येतात. अट एवढीच की, जागा जशी मिळाली तशीच त्याने परत करावी. म्हणजे पंखा उतरवावा, नळ काढावा, स्टँड उपसावा आणि पडलेली भोके बुजवून द्यावीत. १९२९ च्या दुरुस्तीने तर भाडेपट्टा संपल्यानंतरही, जोवर जागेचा ताबा भाडेकरूकडे आहे तोवर, हा अधिकार कायम ठेवला.

‘जे जमिनीला जडले ते जमीनमालकाचे’ हा दंडक मूळचा आपला नव्हेच. तो विलायतेतील जमीनदारांचा. तेथेही व्यापाऱ्याने धंद्यासाठी बसवलेली सामग्री त्याला नेऊ देण्यात येई. परंतु शेतकरी कुळाने शेतीसाठी उभारलेल्या इमारतींबाबत तोच अधिकार १८०२ सालच्या एका गाजलेल्या निकालाने नाकारला. सूट कोणासाठी आणि सक्ती कोणावर, हे वेगळे सांगावयास नको! याउलट कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १८६६ साली मान्य केले की, या देशाच्या रूढीनुसार केवळ जमिनीस जडली म्हणून इमारत जमीनमालकाची होत नाही.

मग मालकाची मग्रुरी कशाच्या बळावर चालते? त्याच कलमाच्या प्रारंभीच्या शब्दांच्या बळावर. हे सारे अधिकार ‘विरुद्ध करार किंवा स्थानिक रूढी नसल्यास’ आहेत! एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्याची ही वाट. मुद्रांक कागदावरील छापील मसुद्यात ‘भाडेकरूने बसवलेली सर्व सामग्री मालकाची राहील’ अशी एक ओळ घातली की काम भागले. निवाऱ्यासाठी दारोदार फिरणारा माणूस सही करतो आणि त्यालाच ‘करारस्वातंत्र्य’ म्हणतात. दुसरा सापळा याहून साधा आहे. मालक गोड बोलून आधी किल्ली घेतो आणि सामानाचे ‘मागाहून पाहू’ म्हणतो. ताबा गेला की या कलमाचा आधारही गेला!

काही कॉम्रेड म्हणतील, नळ आणि पंख्यांसाठी लेखणी कशाला झिजवायची? एंगल्सने १८७२ मध्ये घरांच्या प्रश्नावर लिहिताना भाडेकरू व घरमालक यांचा संबंध मजूर-भांडवलदार संबंधाहून भिन्न असल्याचे दाखवलेच आहे. ते खरे आहे. परंतु ‘भांडवल’च्या तिसऱ्या खंडात भूमिखंडाचे विवेचन करताना मार्क्सने हेही दाखवले की, पट्टेदाराने जमिनीत गुंतवलेले भांडवल मुदत संपताच जमीनमालकाच्या घशात जाते आणि पुढच्या पट्टेदाराकडून तो त्याचेही भाडे वसूल करतो. जयपूरची खोली याचे लहानसे उदाहरण नव्हे काय? जुन्या भाडेकरूने बसवलेल्या गिझरचे भाडे नवा भाडेकरू भरतो. एकाच वस्तूवर दोन श्रमिक नागवले जातात.

आणि जे काढून नेताच येत नाही त्याचे काय? भिंतीत पुरलेली तारजोडणी, मोरीतील फरशी उपसली तर जागेची नासधूस होते. म्हणून ती मागे राहते आणि तिचा मोबदला या कलमात नाही. मुंबई राज्याच्या १९४८ च्या कूळकायद्याने जमिनीवरून निघावे लागणाऱ्या कुळाला त्याने केलेल्या सुधारणांची भरपाई मान्य केली. शेतातील कुळाला जे मिळाले, ते शहरातील कुळाला का नको? उलट केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२१ साली संमत केलेल्या आदर्श भाडेकरू कायद्याच्या मसुद्यात नळ बदलणे, गिझर व विजेच्या बटणांची दुरुस्ती हा भार भाडेकरूवर टाकला आहे. खर्च भाडेकरूचा, मग वस्तू कोणाची?

म्हणून मागण्या स्पष्ट असल्या पाहिजेत. वस्तू नेण्याच्या अधिकारावर पाणी सोडायला लावणारी कराराची अट कायद्यानेच रद्दबातल ठरवा. मालकाच्या संमतीने केलेल्या व मागे ठेवाव्या लागणाऱ्या सुधारणांची घसारा वजा जाता भरपाई द्या. अशा वस्तूंसाठी अनामत रक्कम अडकवणाऱ्यास दंड करा.

तोवर वस्त्यांतील साथींनी शेजाऱ्यांना तीन गोष्टी समजावून सांगाव्यात. घरात शिरतानाच सामानाची यादी करून तीवर मालकाची सही घ्यावी. विकत घेतलेल्या प्रत्येक वस्तूची पावती जपावी. आणि शेवटचा खिळा उपसून भोक बुजवल्यावाचून किल्ली हातची सोडू नये. एकटा भाडेकरू उंबरठ्यात दबतो. गल्लीतील दहा माणसे त्याच्या पाठीशी उभी राहिली, तर ‘भिंतीचे झाले’ म्हणणाऱ्याची जीभ अडखळल्याशिवाय राहणार नाही!