पाद्रिनो घरी येतो तेव्हा

16 डिसेंबरची संध्याकाळ झाली की ग्वाटेमालातल्या गल्ल्यांत कासवाच्या पाठीवर काठी वाजवल्याचा कोरडा ठेका ऐकू येऊ लागतो. योसेफ आणि मरिया यांच्या मूर्ती घेतलेली मिरवणूक एका दारापुढे थांबते. बाहेरचे लोक गाण्यातून रात्रीपुरता आसरा मागतात. आतले लोक गाण्यातूनच नाही म्हणतात. पुष्कळ विनवण्या होतात आणि मग दार उघडते, सगळी गल्ली आत शिरते, खाणेपिणे होते. नाताळच्या आदल्या रात्रीपर्यंत, नऊ रात्री हे चालते. या रिवाजाचे नाव पोसादा. पोसादा म्हणजे उतरायची जागा, आपल्याकडची धर्मशाळा.

या देशात आणखीही पाहुणे येतात. उन्हाळ्यात आणि शाळांच्या सुट्ट्यांत अमेरिकेतल्या मंडळ्यांचे जथे एकाच रंगाचे टी-शर्ट घालून ग्वाटेमाला सिटीच्या विमानतळावर उतरतात. मुक्काम आठ-दहा दिवसांचा. शाळेच्या भिंती रंगवायच्या, मुलांना बायबलच्या गोष्टी सांगायच्या, दवाखान्याचे शिबिर भरवायचे. अमेरिकेतल्या चर्चांचे सुमारे 16 लाख सभासद दर वर्षी अशा परदेशी सेवाफेरीला जातात, असा अंदाज समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट वुथनाव यांनी मांडला होता. या जथ्यांतल्या काहींच्या पाकिटात एका मुलाचा फोटो असतो. तो फोटो अनेक वर्षे त्यांच्या घरी फ्रिजच्या दारावर चिकटवलेला असतो. महिन्याला चाळीसेक डॉलर ते एका मदतसंस्थेमार्फत त्या मुलाच्या नावाने पाठवतात, वर्षातून काही पत्रे लिहितात, आणि या फेरीतला एक दिवस त्यांनी त्या मुलाला भेटण्यासाठी राखून ठेवलेला असतो. यंदाच्या नाताळच्या अंकात आम्हाला त्या एका दिवसाबद्दल लिहायचे आहे.

किचे प्रांतातल्या डोंगरउतारावरचे एक घर डोळ्यांपुढे आणावे. पाहुणा येणार हे घराला कित्येक आठवडे आधी कळलेले असते, कारण संस्थेने त्या पाहुण्याची पार्श्वभूमी तपासलेली असते. मुलाबरोबर एकटे राहायचे नाही, पत्ता किंवा फोन नंबर द्यायचा-घ्यायचा नाही, आणलेली भेटवस्तू आधी स्थानिक चर्चमधल्या कार्यकर्त्यांना दाखवायची, हे सगळे त्याला समजावलेले असते. अंगण झाडलेले असते. आईने ठेवणीतला भरतकामाचा उइपिल, म्हणजे तिथले पोलके, घातलेला असतो. चुन्याच्या पाण्यात शिजवलेला मका दळून आणलेला असतो आणि चुलीवर कोमाल, म्हणजे आपला तवाच, तापत असतो. आई हातावर टोर्टिया थापते. ज्याने खेड्यातल्या चुलीपुढे बसून भाकरीची थाप ऐकली आहे, त्याला या आवाजाची वेगळी ओळख करून द्यायला नको.

मग पाहुणा येतो. तो इंग्रजीत बोलतो, एक जण त्याचे स्पॅनिश करतो, दुसरा स्पॅनिशचे किचे करतो. ‘तुला शाळेत काय आवडते?’ एवढा साधा प्रश्न दोन डोंगर ओलांडून मुलीपर्यंत पोचतो, आणि तिचे ‘गणित’ हे एका शब्दाचे उत्तर तसेच दोन डोंगर ओलांडून परत जाते. मुलगी मान खाली घालून बसलेली असते. पाहुण्याचे डोळे भरून येतात. त्या अश्रूंवर आम्हाला शंका नाही. एका अनोळखी मुलीसाठी कोणी वर्षानुवर्षे प्रार्थना केली असेल, तर तिला समोर पाहून त्याचा कंठ दाटणारच. पण त्या घरात आणखी दोन माणसे असतात. फोटोत ती कधी नव्हती आणि पत्रांत क्वचित येत होती. ती म्हणजे त्या मुलीचे आईबाप.

आपल्याकडे अशा मदतीला ‘दत्तक पालक योजना’ म्हणतात. शब्द मायेचा आहे, पण तो ऐकताना आम्हाला दर वेळी थोडे अवघडल्यासारखे होते. दत्तक मूल एक घर सोडून दुसऱ्या घरात जाते. इथे मूल कुठेच जात नाही. त्याचे आईवडील जिवंत आहेत, रोज सकाळी शेतावर जात आहेत, त्याच्या तापात रात्र रात्र जागत आहेत. ग्वाटेमालात देणगीदाराला मुले ‘पाद्रिनो’ म्हणतात, बाई असेल तर ‘माद्रिना’. हा बाप्तिस्म्याच्या वेळच्या धर्मपित्याचा आणि धर्ममातेचा शब्द. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांना ओळखीचा ‘पाद्रिन’ त्याचाच पोर्तुगीज भाऊबंद. या शब्दाला लागून आणखी एक नाते येते आणि आमच्या मते खरी गोष्ट तिथेच आहे. लॅटिन अमेरिकेत मुलाचा धर्मपिता आणि मुलाचा बाप हे एकमेकांचे ‘कोम्पाद्रे’ होतात. आपल्याकडे व्याही होतात तसे दोन मोठी माणसे मुलामुळे एकमेकांना बांधली जातात. पाद्रिनो व्हायचे तर कोम्पाद्रेही व्हावे लागते. फक्त मुलाशी नाते जोडून त्याच्या बापाला ओलांडून जाता येत नाही.

या कामाचा इतिहास पाहिला तर सुरुवातीलाही एक बापच उभा दिसतो. 1937 साली, स्पेनच्या यादवी युद्धात, ब्रिटिश पत्रकार जॉन लँग्डन-डेव्हिस यांना होसे नावाचा एक लहान मुलगा भेटला. त्याच्या वडिलांनी त्याच्याजवळ चिठ्ठी ठेवली होती: शहर पडले की मला गोळी घालतील, ज्याला हा सापडेल त्याने माझ्यासाठी याला सांभाळावे. त्यातून जी संस्था उभी राहिली तीच आजची प्लॅन इंटरनॅशनल. पुढे कोरियातल्या युद्धाने हजारो मुले रस्त्यावर आणली. 1952 मध्ये तिथे गेलेले अमेरिकन धर्मोपदेशक एव्हरेट स्वॉन्सन यांनी त्या अनाथांसाठी काम सुरू केले आणि त्यातून कम्पॅशन ही संस्था वाढली. कोरियातल्या त्या मुलांना खरोखरच कोणी उरले नव्हते. ग्वाटेमालातल्या आजच्या मुलांना आईबाप आहेत, पण मदतीची भाषा अजून त्या जुन्या अनाथालयातली राहून गेली आहे.

मदतीचा उपयोग होतो का, हा प्रश्न आता केवळ श्रद्धेचा राहिलेला नाही. ब्रूस वायडिक, पॉल ग्ल्यू आणि लेन रटलेज या अर्थशास्त्रज्ञांनी कम्पॅशनच्या कामाचा सहा देशांत अभ्यास केला. त्यांत ग्वाटेमाला होता आणि भारतही होता. दहा हजारांहून अधिक माणसांची माहिती त्यांनी गोळा केली. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार, लहानपणी अशी मदत मिळालेल्यांचे शिक्षण सुमारे एक ते दीड वर्षाने जास्त झाले होते आणि मोठेपणी पगारी, कार्यालयीन नोकरी मिळण्याची शक्यताही वाढली होती. ज्या देशात पाच वर्षांखालच्या जवळजवळ निम्म्या मुलांची वाढ कुपोषणाने खुंटलेली आहे, तिथे हे एक-दीड वर्ष आम्ही लहान मानणार नाही.

भेटीच्या बाजूने मात्र हिशेब इतका सरळ येत नाही. 1998 च्या मिच वादळानंतर होंडुरासमध्ये घरे बांधायला उत्तर अमेरिकेतून अनेक गट गेले. समाजशास्त्रज्ञ कर्ट वेर बीक यांनी त्या घरांचा अभ्यास केला. प्रवासखर्च धरून पाहुण्यांच्या गटाने बांधलेले एक घर सुमारे 30,000 डॉलरला पडत होते. स्थानिक ख्रिस्ती संस्था तेच घर 2,000 डॉलरमध्ये उभे करत होती. परत गेलेल्या पाहुण्यांच्या पुढच्या देणग्यांतही म्हणावा तसा फरक पडला नव्हता. मग जाऊच नये का? आम्ही तसे म्हणणार नाही. भिंती बांधायला जाऊ नये, हे मात्र ठामपणे म्हणू. गवंडी तिथेही आहेत आणि त्यांना कामाची गरज आहे.

जावे ते पाहण्यासाठी, आणि त्याहून अधिक, पाहिले जाण्यासाठी. मुलाचा फोटो वर्षानुवर्षे एकाच दिशेने प्रवास करत असतो. कोणी तरी दूरच्या देशात बसून शंभर चेहऱ्यांतून एक निवडतो. 2019 मध्ये वर्ल्ड व्हिजन या मदतसंस्थेने ही रीत उलटी करून पाहिली. मोठ्यांचे फोटो भिंतीवर लावले आणि मुलांना सांगितले, तुम्ही निवडा. ही कल्पना आम्हाला मनापासून आवडली. पण ज्यांना निवडले गेले नसेल त्यांचा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही, आणि मग जाणवले की मुलांचे फोटो मांडताना हा विचार आपल्याला कधी शिवला नव्हता.

पाहणाऱ्यावरही कोणाची तरी नजर असावी लागते, हे महाराष्ट्राला जुने ठाऊक आहे, कारण आपण त्या फोटोच्या आतल्या बाजूला होतो. पंडिता रमाबाईंच्या शारदा सदन या मुलींच्या शाळेसाठी 1887 मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाले. अमेरिकेतल्या गावोगावच्या रमाबाई मंडळांनी दहा वर्षे वर्गणी देण्याचे वचन दिले. 1893 मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या शंकेवरून पुण्यात वादळ उठले, रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, आणि त्यानंतर असोसिएशनच्या ज्युडिथ अँड्र्यूज स्वतः पुण्याला येऊन सदन पाहून गेल्या. देणगीदाराने समुद्र ओलांडून मुलींना भेटायला येणे आपल्या दारात सव्वाशे वर्षांपूर्वीच घडून गेले आहे. पण त्याआधी, 1889 मध्येच, रमाबाईंनी अमेरिकेवर मराठीत एक जाडजूड पुस्तक लिहून प्रसिद्ध केले होते. त्यात त्यांनी तिथल्या स्त्रियांच्या संघटनशक्तीची तोंडभरून वाखाणणी केली आणि काळ्या लोकांना व मूळ रहिवाशांना मिळणाऱ्या वागणुकीवर बोटही ठेवले. ज्यांच्या पैशांवर आपली शाळा चालते त्यांच्याकडे त्यांनी मान वर करून पाहिले. पुढे 1900 च्या दुष्काळात ‘ख्रिश्चन हेरल्ड’च्या अमेरिकन वाचकांच्या वर्गणीतला मका भरून ‘क्विटो’ हे जहाज मुंबईला आले. त्या मक्यावर जगलेल्या पोरांची नातवंडे-पणतवंडे आज आपल्यात असतील. त्या पोरांपैकी कोणाला त्या वर्गणीदारांकडे असे मान वर करून पाहता आले असेल?

धर्मांतराचा तो जुना प्रश्न टाळून हा विषय लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल. 2016 मध्ये केंद्र सरकारने कम्पॅशनच्या परदेशी निधीवर पूर्वपरवानगीची अट घातली. पैसा धर्मांतरासाठी वापरला जातो, हा सरकारचा आक्षेप होता आणि संस्थेने तो नाकारला. मार्च 2017 मध्ये संस्थेचे भारतातले काम बंद झाले आणि सुमारे 1,45,000 मुलांची मदत थांबली. आमची भूमिका सरळ आहे. भुकेल्या मुलाच्या ताटाला श्रद्धेची अट लावणे हा प्रभू येशूच्या नावाचा अवमान आहे. त्याने पाच हजारांना जेवू घातले तेव्हा कोणाला काही विचारले नव्हते. आणि ज्याने कसलीही अट न घालता ताट वाढले, त्याने आपल्या श्रद्धेचे नावही घेऊ नये, असे सांगण्याचा अधिकार आम्हाला वाटत नाही. दोन्ही गोष्टी नीट घडल्या की नाही, हे सर्वांत आधी त्या मुलाच्या आईला कळते. कागदपत्रे तपासणाऱ्यांनी तिला क्वचितच विचारले.

आईला विचारले नाही की काय होते, याची वाईट उदाहरणे आहेत. 1998 मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’च्या पत्रकारांनी चार संस्थांमार्फत बारा मुलांना मदत सुरू केली आणि मग ते प्रत्यक्ष त्यांना शोधत गेले. मालीमधली एक मुलगी कधीच मरण पावली होती, तिच्या नावाने पैसे घेणे मात्र चालूच राहिले होते. कोणी घरापर्यंत गेले म्हणून हे उघडकीला आले. दुसऱ्या बाजूची भीतीही तितकीच खरी आहे. ग्वाटेमालातून परदेशी दत्तक देण्यात इतके गैरप्रकार झाले की 2008 पासून ते बंद आहे. त्याआधी, 1994 मध्ये, परदेशी लोक मुले पळवतात या अफवेतून सान क्रिस्तोबाल वेरापाझ गावात जमावाने एका अमेरिकन बाईला बेदम मारले. ती जगली, पण पूर्वीसारखी झाली नाही. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला 1 जुलै 2018 रोजी अशाच अफवेने पाच भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. म्हणून भेटीचे ते जाचक वाटणारे नियम, ती तपासणी, एकटे न सोडणे, हे सगळे आम्हाला योग्य वाटते. परक्या माणसाने आपल्या लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला की किचे प्रांतातल्या आईच्या मनात काय काय येऊन जात असेल, हे पाहुण्याला ठाऊक असलेच पाहिजे.

तेव्हा जो जाईल त्याने रिकाम्या हातांनी जावे असे नाही, पण हात थोडे हलके ठेवावेत. भली मोठी बॅग भरून खेळणी नेली तर शेजारच्या दहा मुलांपुढे एका मुलाला उभे केल्यासारखे होते, आणि बापाला वर्षभरात जे आणता आले नाही ते दुपारी तासाभरात अंगणात ओतल्यासारखे होते. आपल्या घरच्यांचा एखादा फोटो न्यावा. आपली आई, आपली मुले, आपले शेत किंवा दुकान दाखवावे. वाढलेले सगळे खावे. पाणी आणि पोट यांची काळजी असेल तर आधीच दुभाष्याला विचारून घ्यावे, पण ताट बाजूला सारू नये. फोटो काढायचा तर आईबापांना विचारून, त्यांनाही मध्ये बसवून काढावा, आणि त्याची एक प्रत त्यांच्या घरी पोचेल असे पाहावे.

पोसादाची मिरवणूक प्रॉटेस्टंट घरांतून सहसा निघत नाही, आणि अशी मदत मिळणारी पुष्कळ मुले त्याच घरांतली असतात. तरी रात्री गल्लीतून तो कासवाच्या पाठीचा ठेका त्यांच्या कानांवर पडतच असतो. त्या गाण्यात आसरा मागणारे बाहेर उभे असतात आणि दार उघडायचे की नाही हे आतले ठरवतात. भेटीच्या दिवशीही दार त्या आईनेच उघडलेले असते. पहिली टोर्टिया ती पाहुण्याच्या हातात ठेवते, दुसरी नवऱ्याला देते, मग मुलीला. सगळ्यांचे खाऊन झाल्यावर ती हात पुसते आणि इतका वेळ मनात असलेला प्रश्न विचारते: तुमच्या घरी कोण कोण असते? प्रश्न किचेतून स्पॅनिशमध्ये जातो, स्पॅनिशमधून इंग्रजीत. तेवढ्या वेळात मुलीने मान वर केलेली असते, आणि ती आईकडे पाहत असते.