विश्लेषण : जितके उंच जाल, तितके गुण कमी! मॉडेल ग्लायडर स्पर्धांचे गणित काय? भारताच्या १२० मीटरच्या नियमात ते बसते का?

भोंगा वाजतो आणि मैदानावर ओळीने उभ्या असलेल्या आठ-दहा जणांच्या हातून एकाच वेळी आठ-दहा विमाने सुटतात. पंखांची लांबी जवळपास चार मीटर, वजन जेमतेम सव्वा-दीड किलो. नाकावरची छोटी मोटर काही सेकंद गुणगुणते आणि बंद होते. कुणी मोटर पाचव्या सेकंदाला बंद करतो, कुणी पंधराव्या. त्यानंतर दहा मिनिटे फक्त हवेचा आधार. बघणाऱ्याला वाटते, सर्वात उंच गेलेला जिंकणार. प्रत्यक्षात गुणफलकावर अनेकदा सर्वात खाली मोटर बंद करणारा वर असतो. रेडिओ नियंत्रित ग्लायडरच्या या स्पर्धाप्रकाराचे नाव आहे एफ५जे. त्यातला उंचीचा नियम क्रीडाविश्वातल्या सर्वात हुशार नियमांपैकी एक म्हणावा असा आहे. भारतात उंचीबद्दल जो सरकारी नियम आहे, तो मात्र या खेळाला नेमका आडवा येतो.

हा खेळ चालवते कोण?

हवाई क्रीडाप्रकारांची जागतिक संघटना म्हणजे एफएआय. स्थापना १९०५ची, मुख्यालय स्वित्झर्लंडमधील लुसान येथे. पॅराग्लायडिंगपासून फुग्यांच्या शर्यतींपर्यंत सगळे तिच्या छत्राखाली येते, तसे मॉडेल विमानांचे खेळही. भारतातील सदस्य संस्था एअरो क्लब ऑफ इंडिया. ग्लायडरचे अनेक गट आहेत. एफ३एफमध्ये डोंगराच्या कड्यावर वाऱ्याच्या जोरावर १०० मीटरच्या दहा फेऱ्या कमीत कमी वेळात मारायच्या. एफ३केमध्ये दीड मीटरपर्यंतचे ग्लायडर थाळीफेकीसारखे गिरकी घेऊन हाताने फेकायचे. एफ३जेमध्ये १५० मीटरची दोरी बांधून ग्लायडर पतंगासारखे वर ओढायचे. दोरी ओढायला तगडे धावपटू लागत, कप्पी लावून दोघे जिवाच्या आकांताने पळत. या गटाच्या जागतिक स्पर्धा १९९८ पासून झाल्या. पण चांगले धावणारे सोबती आणणे प्रत्येकाला परवडत नव्हते. मोटर स्वस्त आणि हलक्या झाल्या, तसे दोरीचे काम मोटरने घेतले आणि एफ५जे पुढे आले. त्याची पहिली जागतिक स्पर्धा २०१९मध्ये स्लोव्हाकियात झाली.

उंचीला किंमत म्हणजे नेमके काय?

मोटर आली की एक प्रश्न लगेच उभा राहतो. ज्याची मोटर दमदार तो सर्वात उंच जाणार आणि वरून आरामात दहा मिनिटे घसरत येणार. मग हा खेळ मोटरचा झाला, वैमानिकाचा नाही. यावर मोटरच्या ताकदीला बंदी घालता आली असती, बॅटरी ठरवून देता आली असती. नियम करणाऱ्यांनी वेगळे केले. त्यांनी उंचीवर बंदी घातली नाही, तिला भाव लावला.

प्रत्येक ग्लायडरमध्ये अंगठ्याएवढे यंत्र बसवलेले असते. ते मोटर जास्तीत जास्त ३० सेकंद चालू देते आणि सुटल्यापासून मोटर थांबल्यानंतरच्या दहाव्या सेकंदापर्यंत गाठलेली कमाल उंची नोंदवते. या उंचीच्या २०० मीटरपर्यंत दर मीटरला अर्धा गुण कापला जातो, त्यावरच्या प्रत्येक मीटरला तीन गुण. हवेत काढलेल्या प्रत्येक सेकंदाला एक गुण, म्हणजे दहा मिनिटांचे जास्तीत जास्त ६००. शिवाय जमिनीवरच्या खुणेपासून एक मीटरच्या आत नाक टेकवले तर ५०, पुढे दर मीटरला पाच कमी. मोटर पुन्हा चालू केली तर उड्डाणाचे गुण शून्य. विमान वाचते, फेरी जाते.

आता गणित करून पाहू. सोपे राहावे म्हणून दोघांनीही ६०० सेकंद पूर्ण केले आणि दोघेही खुणेवर उतरले असे धरू. पहिल्याने २०० मीटरवर मोटर बंद केली. ६०० अधिक ५० वजा १००, म्हणजे ५५०. दुसऱ्याने ६० मीटरवर बंद केली. ६०० अधिक ५० वजा ३०, म्हणजे ६२०. गटात जो पहिला त्याला १००० गुण, बाकीच्यांना त्या प्रमाणात. म्हणून दुसऱ्याला १०००, पहिल्याला ८८७. म्हणजे धाडसाचा फायदा ११३ गुणांचा.

पण ६० मीटरवरून दुसऱ्याला वर नेणारी हवा सापडलीच नाही आणि तो चार मिनिटांत खाली आला तर? २४० अधिक ५० वजा ३०, म्हणजे २६०. आता ५५० वाल्याला १००० मिळतात आणि याच्या वाट्याला ४७३. कमावायचे ११३, गमवायचे ५२७. शेअर बाजारात कुणी असा सौदा सुचवला तर त्याला वेड्यात काढतील. तरीही जागतिक पातळीवर जिंकणारे हाच सौदा फेरीमागून फेरी करतात, कारण त्यांच्यासाठी ती जुगाराची चाल नसते. भोंगा वाजण्याआधीच हवा कुठे वर चढते आहे याचा त्यांना बऱ्यापैकी अंदाज आलेला असतो.

२०० मीटरची रेषाही उगाच नाही. या जातीचे ग्लायडर शांत हवेत सेकंदाला साधारण ०.३५ मीटर खाली येते असे धरले, तर २०० मीटरवरून जमिनीवर यायला साडेनऊ मिनिटे लागतात. म्हणजे हवेची काहीही मदत न घेता दहा मिनिटांच्या जवळ जाता येते. ६० मीटरवरून मात्र तीन मिनिटेही मिळत नाहीत. उरलेली सात मिनिटे आकाशाकडून मिळवायची. स्पर्धा आहे ती या सात मिनिटांची.

न दिसणारी हवा वाचायची कशी?

उन्हाने नांगरलेली जमीन, खडक, डांबर लवकर तापते. पाण्याजवळची किंवा हिरवी जमीन उशिरा. तापलेल्या जागेवरची हवा हलकी होऊन स्तंभासारखी वर निघते. यालाच थर्मल म्हणतात. आपल्याकडे दुपारी घारी पंख न हलवता गोल फिरत वर जातात त्या याच हवेवर. स्पर्धकांसाठी घार म्हणजे फुकटचे यंत्र. पण घार रोज हजेरी लावत नाही, म्हणून काठीला बांधलेली बारीक फीत, गालाला लागणारी झुळूक, अचानक वाढलेला उकाडा, वाऱ्याने बदललेली दिशा या सगळ्यांवर लक्ष असते. थर्मल वर जाताना आजूबाजूची हवा स्वतःकडे ओढते. त्यामुळे वारा ज्या बाजूला वळला, तिकडे काहीतरी वर चढते आहे, हा पहिला धडा.

विमानात हवेची चढ-उतार सांगणारे यंत्र बसवून जमिनीवर माहिती मागवायला मनाई आहे. फक्त रेडिओ सिग्नल आणि बॅटरीची स्थिती कळू शकते. बाकी डोळे आणि शेजारी उभा असलेला मदतनीस. मदतनीसाचे काम मोठे नाजूक असते. वेळ सांगायची, इतरांची विमाने कुठे वर जात आहेत ते बघायचे आणि वैमानिक चुकीच्या हवेत हट्टाने फिरत राहिला तर त्याला तिथून बाहेर काढायचे. जोड्या तुटतात त्या बहुधा या शेवटच्या कामावरून.

सगळा गट एकाच वेळी एकाच आकाशात असतो, हेही या स्पर्धेचे मोठे शहाणपण. सकाळी थंड हवेत उडालेल्याची तुलना दुपारी उन्हात उडालेल्याशी होत नाही. हवा वाईट असेल तर सगळ्यांनाच वाईट. आणि ज्याला थर्मल सापडले, त्याने ते लपवायचे कसे? मोठे पांढरे पंख गोल फिरताना सगळ्यांना दिसतात. दोन मिनिटांत निम्मा गट तिथे पोहोचतो.

पैसा जिंकत नाही का?

जिंकतो, काही प्रमाणात. साच्यात बनवलेले कार्बन फायबरचे स्पर्धेचे ग्लायडर सर्व सामग्रीसह एक लाख रुपयांच्या वर सहज जाते. बहुतेक युरोपात बनतात. हलके विमान ६० मीटरवरून जास्त वेळ टिकते आणि हलकेपणा महाग असतो. त्यामुळे हा नियम श्रीमंत आणि गरीब स्पर्धकाला एका रांगेत आणतो असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तो एवढेच करतो की महागड्या मोटरने विकत घेतलेली उंची गुणांमधून परत वसूल करतो. बाकीचे अंतर हवा वाचता येणाऱ्याला कापता येते, न येणाऱ्याला नाही.

भारतात अडचण कुठे आहे?

२५ ऑगस्ट २०२१ रोजी ड्रोन नियम अधिसूचित झाले. आधीच्या किचकट नियमांच्या तुलनेत ते कितीतरी सुटसुटीत आहेत, हे मान्य करायला हवे. मॉडेल विमानांची त्यात स्वतंत्र व्याख्या आहे : वजन २५ किलोपर्यंत, वापर शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा करमणुकीसाठी आणि उड्डाण नजरेच्या टप्प्यात. त्यांना प्रकार प्रमाणपत्रातून सूट आहे. दोन किलोपर्यंतचे विमान बिगर-व्यावसायिक कारणासाठी उडवायला वैमानिक प्रमाणपत्रही लागत नाही.

गाडी अडते ती आकाशाच्या नकाशावर. हरित क्षेत्रात विनापरवाना उडवता येते ते ४०० फुटांपर्यंत, म्हणजे सुमारे १२० मीटर. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात फक्त २०० फूट, म्हणजे ६० मीटर. त्यावर पिवळे क्षेत्र सुरू होते आणि हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते.

खेळाचा नियम २०० मीटरपर्यंत अर्धा गुण कापतो. देशाचा नियम १२० मीटरला कुंपण घालतो. आणि खरी अडचण मोटरच्या उंचीचीही नाही, कारण कसलेला खेळाडू ६० मीटरवरच मोटर बंद करेल. अडचण पुढची. त्याला चांगले थर्मल सापडले तर ग्लायडर तीनशे मीटरवर जाणे ही रोजची गोष्ट. म्हणजे अभ्यास चुकला तर तो नियमात, जमला तर नियमाबाहेर. गंमत अशी की त्याच हवेत कामशेत किंवा पाचगणीच्या डोंगरावरून निघालेला पॅराग्लायडर, ज्याला खाली माणूस लटकलेला आहे, याहून कितीतरी वर जातो.

अर्थात १२० मीटरची मर्यादा मूर्खपणाची नाही. हेलिकॉप्टर खालून उडतात, लष्करी विमाने खालून उडतात. चार मीटरचा कार्बनचा पंख हेलिकॉप्टरच्या वाटेत आला तर काय होईल, हे सांगायला तज्ज्ञ नको. कुणीही, कुठेही, कितीही उंच असे मागणे कोणताही जबाबदार खेळाडू करणार नाही. पण हा नियम लिहिताना डोळ्यासमोर चार पंख्यांचा कॅमेरावाला ड्रोन होता, हे त्याच्या प्रत्येक ओळीत दिसते. तो ड्रोन कुठूनही उडतो, नजरेआड जाऊ शकतो. ग्लायडर स्पर्धा ठरलेल्या मैदानावर, ठरलेल्या दिवशी होते आणि विमान नजरेआड गेले तर ते गमावलेच.

इतरांनी काय केले?

युरोपीय संघाच्या २०१९च्या ड्रोन नियमावलीत कलम १६ खास मॉडेल विमानांच्या क्लब आणि संघटनांसाठी आहे. देशाच्या हवाई प्राधिकरणाने संघटनेला एकदा मान्यता दिली की तिच्या अटींवर सदस्य उडवू शकतात. ब्रिटनमध्ये याच धर्तीवरच्या मान्यतेखाली मॉडेल संघटनांच्या सदस्यांना साडेसात किलोपेक्षा हलकी मॉडेल विमाने ४०० फुटांवर नेता येतात. चार पंख्यांच्या ड्रोनना मात्र ही सवलत नाही. फरक कुठे करायचा हे तिथे ओळखले गेले.

भारतातही यासाठी नवा कायदा लागणार नाही. विमानतळांपासून दूरची मोजकी मैदाने मॉडेल उड्डाणासाठी निश्चित करावीत, तिथे सुटीच्या दिवशी ठरावीक तासांसाठी मर्यादा वाढवावी, वैमानिकांना तशी सूचना जारी व्हावी आणि जबाबदारी नोंदणीकृत क्लबवर टाकावी. एनसीसीच्या हवाई विभागात एरोमॉडेलिंग शिकवले जाते. अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी विद्यार्थी रात्र रात्र जागून विमाने बनवतात. पुण्यात मात्र लोहगावचा हवाई तळ आणि मुंबईत सांताक्रूझ, जुहू हे विमानतळ शहराला लागूनच. त्यामुळे उडवण्यासाठी या मुलांना शहराबाहेर लांब जावे लागते आणि तिथेही डोक्यावर १२० मीटरचे छत असते. शिकवायचे विमान आणि मोकळे ठेवायचे फक्त ड्रोनचे दुकान, अशी ही स्थिती.

मग तोवर करायचे काय?

एफ३के, म्हणजे हाताने फेकायचे ग्लायडर. मोटर नाही. स्पर्धेच्या विमानाचे वजन अनेकदा २५० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे ड्रोन नियमांतल्या सर्वात हलक्या नॅनो गटाच्या सीमेवर. पंखाच्या टोकाला असलेली खुंटी दोन बोटांत धरून गिरकी घेत फेकले की उत्तम खेळाडूचे विमान साठ मीटरच्या आसपास जाते. मैदान फुटबॉलच्या मैदानाएवढे पुरते. उतरताना विमान हातात झेलायचे आणि त्याच झोकात पुन्हा फेकायचे.

झेलायची घाई का, ते त्यातल्या एका फेरीवरून कळते. दहा मिनिटांत एक, दोन, तीन आणि चार मिनिटांची चार उड्डाणे, कोणत्याही क्रमाने. बेरीज करा, बरोबर दहा होते. म्हणजे विमान हातात असलेला प्रत्येक सेकंद वजा. चांगले खेळाडू चार उड्डाणांत मिळून मोजून काही सेकंदच गमावतात.

इथेही थर्मल सापडले तर १२० मीटरची रेषा जवळ येतेच. पण दीड मीटरचे विमान त्या उंचीवर डोळ्यांना लहान होऊ लागते आणि चार मिनिटांच्या उड्डाणासाठी आणखी वर जाण्याची गरजही नसते. त्यामुळे खेळाडू स्वतःहून खाली येतो. मार्चमध्ये पीक निघालेल्या रानात सकाळी दहाच्या सुमारास पहिली घार गोल फिरायला लागते. तिच्याखाली उभे राहून फेकायला सध्या कुणाची परवानगी लागत नाही, रान हरित क्षेत्रात असावे आणि शेतमालकाला आधी विचारलेले असावे एवढेच.