दहा बारांगाय, दोन घराणी

पेम्बो, सेम्बो, ईस्ट रेम्बो, वेस्ट रेम्बो. ही मनिला महानगरातल्या वस्त्यांची नावं. शेवटचं ‘एम्बो’ सगळ्यांना सारखं, कारण या मुळात फौजेतल्या शिपायांच्या वसाहती. ‘एन्लिस्टेड मेन्स बॅरियो’ या नावाची आद्याक्षरं तेवढी उरली. पुढे शिपाई निवृत्त झाले, त्यांची नातवंडं तिथेच वाढली आणि आसपासच्या वस्त्या धरून असे दहा बारांगाय मकाती शहराच्या कारभारात राहिले. बारांगाय म्हणजे तिथल्या शहराचा सर्वांत लहान घटक. आपल्या प्रभागाहून लहान, पण त्यालाही लोकांनी निवडून दिलेला प्रमुख असतो. या जमिनीवरून मकाती आणि शेजारचं तागिग यांच्यात वर्षानुवर्षं दावा चालू होता. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा निकाल अंतिम झाला आणि तीन लाखांहून अधिक माणसं घराचा उंबरा न ओलांडता दुसऱ्या शहरात गेली.

मकाती हे श्रीमंत शहर. देशातल्या मोठ्या बँकांच्या आणि कंपन्यांच्या कचेऱ्या तिथे. त्यांच्या कराच्या पैशातून सरकारी शाळेतल्या पोरांना गणवेश, दप्तर, बूट मिळायचे, इस्पितळात सवलतीचं कार्ड चालायचं आणि घरातल्या आजी-आजोबांच्या वाढदिवसाला महापालिकेकडून केक यायचा. मकातीचं स्वतःचं मोठं इस्पितळ पेम्बोत होतं, म्हणजे निकालानंतर ते तागिगच्या हद्दीत पडलं. चौदा सरकारी शाळा कुणी चालवायच्या यावरून दोन्ही महापालिकांत इतकी ओढाताण झाली, की देशाच्या शिक्षण खात्याला त्या आपल्या ताब्यात घ्याव्या लागल्या. आता कार्ड चालणार का, दप्तर मिळणार का, केक येणार का, हे तिथल्या लोकांचे प्रश्न होते, आणि ते मुळीच क्षुल्लक नव्हते. तिथल्या गरीब माणसाला सरकार दिसतं ते महापौराच्या रूपात.

ही माणसं मकातीतून निघाली तेव्हा तिथे बिनाय घराण्याचं राज्य होतं. जिथे पोहोचली त्या तागिगमध्ये कायेतानोंचं.

या सदरात आपण शहरांच्या कारभाराबद्दल बोलतो, म्हणून फिलिपिन्सची रचना आधी सांगते. तिथे महापौर थेट लोक निवडतात आणि खरी सत्ता त्याच्याच हातात असते. आयुक्ताच्या सहीसाठी ताटकळणारा आपला महापौर तो नव्हे. उपमहापौराची निवड स्वतंत्र होते, तो दुसऱ्या पक्षाचाही असू शकतो, आणि नगर परिषदेच्या सभेचं अध्यक्षपद त्याच्याकडे असतं. ही घडी १९९१ च्या स्थानिक शासन संहितेनं बसवली. तिचे शिल्पकार आकिलिनो पिमेंतेल स्वतः कागायान दे ओरो या शहराचे महापौर होते. दर तीन वर्षांनी मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी शहरांची निवडणूक होते. मुंबईच्या नगरसेवकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि निवडणूक व्हायला जानेवारी २०२६ उजाडला. ज्यांनी ती जवळजवळ चार वर्षं प्रशासकाच्या दाराशी काढली, त्यांना ठरलेल्या सोमवारची किंमत वेगळी सांगायला नको. (बारांगायांच्या निवडणुका मात्र तिथेही पुन्हा पुन्हा पुढे ढकलल्या जातात. २०१३ नंतरची थेट २०१८ मध्ये झाली आणि त्यानंतरची २०२३ मध्ये.)

मार्कोसच्या हुकूमशाहीतून बाहेर पडलेल्या देशानं १९८७ च्या संविधानात दोन कुंपणं घातली. एकाच पदावर लागोपाठ तीनपेक्षा जास्त वेळा राहता येणार नाही, हे पहिलं. राजकीय घराणेशाहीला राज्यसंस्था मनाई करील, हे दुसरं. पण त्याला एक शेपूट जोडलं, ‘कायद्यानं व्याख्या केल्याप्रमाणे’. पहिलं कुंपण लगेच लागू झालं. दुसऱ्याची व्याख्या संसदेनं करायची होती, आणि संसद घराण्यांनीच भरलेली. २०२५ च्या निवडणुकीपर्यंत, म्हणजे अडतीस वर्षांत, तो कायदा झाला नाही.

एक कुंपण उभं आणि दुसरं कागदावर, याचं काय होतं ते मकातीत पाहा. जेजोमार बिनाय हे मानवी हक्कांसाठी लढणारे वकील. मार्कोस गेल्यावर १९८६ मध्ये नव्या राष्ट्राध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी त्यांना मकातीवर नेमलं, पुढे ते निवडून येत राहिले. १९९८ मध्ये त्यांची मर्यादा संपली तेव्हा पत्नी एलेनिता महापौर झाल्या. २००१ मध्ये जेजोमार परत आले, कारण बंदी फक्त ‘लागोपाठ’ला आहे. २०१० मध्ये मुलगा जुनजुन आला. त्याला लोकपालानं बडतर्फ केल्यामुळे मध्ये थोडा खंड पडला, आणि २०१६ मध्ये मुलगी अ‍ॅबी आली. २०१९ मध्ये सख्खे बहीण-भाऊ याच खुर्चीसाठी एकमेकांविरुद्ध उभे राहिले, अ‍ॅबी जिंकल्या. २०२५ मध्ये त्यांच्या तीन मुदती संपल्या. मग एका बाजूला त्यांचे पती, दुसऱ्या बाजूला बहीण नॅन्सी, म्हणजे जेजोमार यांची लेक आणि जावई समोरासमोर. लेक जिंकली. बंदी माणसाला होती, आणि तिनं घरातल्या दर माणसाला पाळीपाळीनं पुढे आणलं. तागिगची कथा याच वळणाची. लानी कायेतानो नऊ वर्षं महापौर, मग तीन वर्षं दीर लिनो, २०२२ पासून पुन्हा लानी. पती आणि नणंद सिनेटमध्ये.

लोक अशा घराण्यांना मतं का देतात? पैसे वाटले जातात, हे खरंच आहे. पण तेवढ्यावर मतदाराला विकाऊ ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. २०२५ ची मतपत्रिका डोळ्यांसमोर आणा. मनिला शहरातल्या मतदाराला सिनेटचे बारा, एक पक्षयादी, एक खासदार, महापौर, उपमहापौर आणि सहा नगरसेवक अशी बावीस वर्तुळं काळी करायची होती. शाळेच्या वर्गात, लहान पोरांच्या बाकावर बसून, मागे रांग खोळंबलेली असताना. पक्ष निवडणुकीगणिक बदलतात, त्यामुळे चिन्हाचा आधार नाही. नजर ओळखीचं आडनाव शोधते. आणि ते आडनाव वर्षभर रुग्णवाहिकेवर, मदतीच्या पिशवीवर, बास्केटबॉलच्या मैदानावर रंगवलेलं असतं. अशा ठिकाणी स्वतःला पुढे घुसवणाऱ्या पुढाऱ्याला तिथे ‘एपाल’ म्हणतात, तुच्छतेनंच म्हणतात. पण आजारी आईला त्याच रुग्णवाहिकेतून नेलं असेल, तर ते ऋण राहतं. ‘उतांग ना लोओब’, आतून वाटणारं देणं, हा तिथल्या घराघरातला संस्कार आहे. पैसा लोकांचा, देणं मात्र पुढाऱ्याचं फेडलं जातं. माझा राग त्या मतदारावर नाही. लोकांच्याच कराच्या केकवर स्वतःचा हक्क सांगणाऱ्यांवर आहे.

वेगळं घडू शकतं, हे बिकोल भागातल्या नागा शहरानं दाखवलं. जेसी रोब्रेदो १९८८ मध्ये, तिशीही गाठली नव्हती तेव्हा तिथले महापौर झाले. त्यांच्याही मागे नातेवाईक असलेल्या गव्हर्नरचं बळ होतं. पुढे दोघांचं फाटलं. बिनाय यांच्यासारखीच त्यांची मर्यादा १९९८ मध्येच संपली. घरातून कुणी उभं राहिलं नाही. सुल्पिसियो रोको महापौर झाले आणि रोब्रेदो शिकायला हार्वर्डला गेले. तेही २००१ मध्ये परतले, तेही २०१० पर्यंत राहिले. त्याच वर्षी बिनाय उपराष्ट्राध्यक्ष झाले आणि रोब्रेदो स्थानिक शासनाचे मंत्री. कारकिर्दीची वर्षं इतकी जुळलेली, पण मागे राहिलेलं शहर निराळं. पूर ओसरल्यावर अर्ध्या चड्डीत, पायात साध्या सपाता घालून चिखल उपसणारा महापौर लोकांच्या लक्षात राहिला. ‘त्सिनेलास’ म्हणजे सपाता हीच त्यांची खूण झाली. मला त्याहून मोठी वाटते ती नागाची लोकपरिषद. १९९५ च्या ठरावानं शहरातल्या संघटनांना, त्यात गरीब वस्त्यांच्याही, नगर परिषदेच्या समित्यांत बसण्याचा आणि मत देण्याचा हक्क मिळाला. मदत मागायला आलेला माणूस आणि समितीत मत देणारा माणूस यांच्या मान वर करण्यात फरक पडतो. २००० साली रोब्रेदोंना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत संघटना उभी करणारे जॉकिन अर्पुथम यांनाही त्याच वर्षी तो मिळाला होता.

रोब्रेदो २०१२ मध्ये विमान अपघातात गेले. पत्नी लेनी पुढे उपराष्ट्राध्यक्ष झाल्या, राष्ट्राध्यक्षपदाची लढत हरल्या आणि २०२५ मध्ये नागाच्या महापौर म्हणून निवडून आल्या. म्हणजे नागातही पुन्हा रोब्रेदो हेच आडनाव आहे. मधल्या पंधरा वर्षांत शहर इतरांनी चालवलं, ही गोष्ट मी त्यांच्या बाजूनं धरते, पण कायद्याची गरज त्यामुळे कमी होत नाही. कुणाच्या भलेपणावर शहर सोपवू नये. त्याच मे महिन्यात दावाओ शहरानं माजी राष्ट्राध्यक्ष रोद्रिगो दुतेर्ते यांना महापौर निवडलं. ते तेव्हा हेगमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाच्या कोठडीत होते. उपमहापौर म्हणून निवडून आलेला त्यांचा मुलगा सेबास्तियन कारभार पाहू लागला.

घराणेशाहीची व्याख्या करणं अवघड आहे, असं खासदार सांगतात. पण ती त्यांनीच एकदा केली आहे. २०१६ मध्ये लागू झालेल्या कायद्यानुसार बारांगायच्या युवक मंडळात १८ ते २४ वयाची मुलं निवडून येतात, आणि त्या भागातल्या कुठल्याही निवडून आलेल्या पदाधिकाऱ्याशी दुसऱ्या श्रेणीपर्यंतचं नातं असलेल्या मुलाला तिथे उभं राहता येत नाही. मोठ्या शहराचा महापौर व्हायला किमान वय २३ लागतं. म्हणजे महापौराच्या तेवीस वर्षांच्या मुलीला वस्तीतल्या पोरांच्या मंडळात जागा नाही, आणि आईची मुदत संपली की तिच्या खुर्चीसाठी मात्र ती अर्ज भरू शकते. युवक मंडळाच्या कायद्यातलं ते एक कलम उचलून महापौराच्या, उपमहापौराच्या आणि नगरसेवकाच्या पात्रतेत घालायचं आहे. शहरांची पुढची निवडणूक ८ मे २०२८ ला आहे.