‘तुमच्या हातातच असतं हे’ म्हणणाऱ्यांना आमचं उत्तर

चेंबूरला डायमंड गार्डनजवळच्या एका टॉवरमध्ये दिवाळीच्या आधी एक सोफा दुरुस्तीला निघाला. परदेशातून मागवलेला, अस्सल ॲनिलिन चामड्याचा. डोकं टेकतात तिथे केसांच्या तेलाचे काळे पट्टे, हातांवरचा रंग उडालेला, मधल्या बैठकीवर चहाचा डाग. काम घेतलं एका कंपनीने. प्रत्यक्ष केलं सिद्धार्थ कॉलनीतल्या आमच्या एका कार्यकर्त्या पोराने. चार दिवस तो गुडघ्यावर बसून राबला. शेवटी सोफा बघून घरमालक खूश झाले आणि म्हणाले, ‘वा! तुमच्या लोकांच्या हातातच असतं हे. जन्मजात!’

त्या पोराच्या वडिलांनी किंवा आजोबांनी कधी चामडं शिवलेलं नाही, रंगवलेलंही नाही. वडील कंत्राटी कामगार, आई चार घरी भांडी घासते. पोरगा केमिस्ट्री शिकत होता, फी भरता आली नाही म्हणून कॉलेज सुटलं. हे काम तो धारावीतल्या एका कारखान्यात, भंगारातल्या चामड्याच्या तुकड्यांवर हात बसवत शिकला. मालकांनी त्याच्या मोबाईलवर बाबासाहेबांचा फोटो पाहिला आणि बाकीचं स्वतःच जुळवून घेतलं.

हा ‘जन्मजात’ शब्द आम्हाला झोंबला. तो स्तुती म्हणून येतो, म्हणून जास्त झोंबला.

आधी काम काय आहे ते समजून घ्या. ॲनिलिन चामड्यात रंग आरपार मुरवलेला असतो, वर रंगाचा जाड थर नसतो. कातडीची छिद्रं आणि सुरकुत्या जशाच्या तशा दिसतात, म्हणून ते महाग. पण वर संरक्षण नसल्यामुळे ते सगळं पितं: पाणी, तेल, घाम, शाई. पाण्याचा थेंब टाकला की मुरतो आणि जागा गडद होते, हीच त्याची ओळख. नुसता डाग घासला तर कडेने पाण्याची रेघ उमटते. म्हणून एका शिलाईपासून दुसऱ्या शिलाईपर्यंतचा पूर्ण तुकडा एकसारखा, हलक्या हाताने साफ करावा लागतो. तेल मुरलेलं असेल तर ते शोषून बाहेर काढायचं, थांबायचं, पुन्हा काढायचं. तेल आत राहिलं तर वरचा रंग धरत नाही. मग सोफ्याच्या न दिसणाऱ्या भागावर रंगाची चाचणी. मग पातळ रंगाचे हलके हात, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा.

घाईतला माणूस या सगळ्याला फाटा देऊन जाड पिगमेंट मारतो. डाग झाकला जातो, पण मग ते ॲनिलिन चामडं राहत नाही, रेक्झिनसारखं दिसू लागतं. कंपनीने आमच्या पोराला हेच सांगितलं होतं. त्याने ऐकलं नाही. त्याने मालकांना तोंडावर सांगितलं, ‘साहेब, चहाच्या डागाची पुसट खूण राहील. ती पूर्ण झाकली तर तुमचं चामडं मरेल.’

आता सांगा, यात जन्मजात काय आहे? रसायनं कळणं? थांबण्याचा संयम? गिऱ्हाइकाला खरं सांगण्याची हिंमत?

डॉक्टरच्या हाताला यश आलं तर आपण त्याचं शिक्षण विचारतो. आमच्या हाताला यश आलं तर आमची जात विचारली जाते. यात पैशाचा हिशेबही दडलेला आहे. शिकून आलेल्या कौशल्याची फी असते. जन्मतः आलेल्या कौशल्याला बक्षिशी पुरते. म्हणूनच गिऱ्हाइकाच्या पैशातला मोठा वाटा कंपनीकडे गेला आणि बंद खोलीत थिनरचा वास छातीत भरून घेणाऱ्या पोराला रोजंदारी मिळाली. मास्क त्याने स्वतःच्या पैशाने घेतला.

पण आम्हाला फक्त टॉवरवाल्यांशी भांडायचं नाही. आपल्यातल्याच एका ज्येष्ठांनी त्याला विहारात सगळ्यांसमोर सुनावलं, ‘बाबासाहेबांनी सोडायला लावलेलं काम तू पुन्हा धरलंस?’ पोरगा मान खाली घालून घरी गेला. दादा, तुमचा मान राखून सांगतो, तुम्ही चुकलात.

बाबासाहेबांनी काय सोडायला सांगितलं? जन्माने गळ्यात पडलेलं, नाकारायची सोय नसलेलं, करणाऱ्याला अस्पृश्य ठरवणारं काम. मेलेली ढोरं ओढणं सोडल्याने समाजाचं आर्थिक नुकसान होईल, असा हिशेब टीकाकार मांडत होते. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी त्यांना उलटं आव्हान दिलं की एवढा फायदा असेल तर हे काम तुम्हीच करा. त्या उत्तराचा रोख सक्तीवर होता. जुलै २०१६ मध्ये उना इथे मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या दलित तरुणांना मारहाण झाली, तेव्हा सुरेंद्रनगरच्या लोकांनी मेलेली जनावरं कलेक्टर कचेरीसमोर नेऊन टाकली. तोही सक्तीलाच दिलेला नकार होता. जो पोरगा स्वतःच्या मर्जीने काम निवडतो, भाव सांगतो आणि उद्या सोडूही शकतो, त्याला लाज वाटायला लावणं म्हणजे ब्राह्मण्याचं मोजमाप आपल्या घरात आणणं. आणि आपल्याच चर्मकार बांधवांना हे ऐकून काय वाटत असेल, याचाही विचार करा.

तिसरा हिशेब सरकारशी. १९७४ पासून चर्मकारांसाठी महामंडळ आहे. गटई कामगाराला शंभर टक्के अनुदानावर पत्र्याचा स्टॉल मिळतो. उन्हापावसात बसणाऱ्याला स्टॉल हवाच, त्याला आमचा विरोध नाही. पण सरकारची कल्पना फुटपाथवरच्या पत्र्याशीच का अडते? १७ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्राने विश्वकर्मा योजना आणली. १८ पारंपरिक व्यवसायांत चर्मकामही आहे. प्रशिक्षणाच्या दिवसांत रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपये, दोन टप्प्यांत ३ लाखांपर्यंत कर्ज. कुणी म्हणेल, यात कुठल्याही जातीला मनाई नाही. कागदावर नाही, मान्य. पण योजनेचा घोषित हेतूच गुरू-शिष्य परंपरा आणि कुटुंबात चालत आलेलं कौशल्य बळकट करण्याचा आहे. ज्या देशात कुटुंबाचा धंदा म्हणजे जातीचा धंदा, तिथे त्याचा अर्थ काय होतो? याच आक्षेपावर २०२४ मध्ये तमिळनाडू सरकारने आहे त्या स्वरूपात योजना राबवायला नकार दिला. महाराष्ट्रात हा प्रश्न किती जणांनी विचारला?

परंपरा म्हणून गौरव नको आणि परंपरा म्हणून लाजही नको. आमच्या मागण्या साध्या आहेत. चामड्याच्या दुरुस्तीचा आणि रंगकामाचा अभ्यासक्रम आयटीआयमध्ये सर्व जातींच्या मुलामुलींना खुला करा, त्यात रसायनशास्त्र शिकवा. देशपांडेंच्या मुलानेही सोफ्यासमोर गुडघे टेकून बघावं. बाहेरून माणसं लावणाऱ्या कंपन्यांना मास्क, हातमोजे आणि लेखी दर बंधनकारक करा.

आणि हे काम करणाऱ्या भावाबहिणींनो, तुम्हीही तीन गोष्टी करा. कामाआधी आणि कामानंतर फोटो काढून ठेवा. दर लिहून द्या, तोंडी ठरवू नका. चार-पाच जणांनी मिळून स्वतःच्या नावाचा बोर्ड लावा, म्हणजे मधल्या कंपनीची गरज उरणार नाही. आमच्या पोराने व्हिजिटिंग कार्ड छापलंय. वर जातीचा उल्लेख नाही, परंपरेचा नाही. नाव, नंबर आणि खाली एक ओळ: तपासणी फी वेगळी आकारली जाईल.

परवा त्याच टॉवरमधून त्याला फोन आला, दुसऱ्या मजल्यावरच्यांचा. त्याने आधी फी सांगितली. पलीकडचा माणूस थोडा थांबला आणि म्हणाला, ‘ठीक आहे, या तुम्ही.’

‘तुम्ही’ म्हणाला. इथून सुरुवात करू.

जय भीम!