बटणांची कुस्ती

काय दोस्तांनो, कुस्तीच्या व्हिडिओ गेममध्ये दरवेळी ताईच जिंकते ना? तुम्ही सगळी बटणं धपाधप बडवता, म्हणूनच! २००० साली निन्टेंडो ६४ वर आलेला ‘डब्ल्यूडब्ल्यूएफ नो मर्सी’च घ्या. ‘ए’ बटण नुसतं दाबून सोडलं तर साधी पकड, दाबून धरलं तर भक्कम पकड. ‘बी’ म्हणजे ठोसा-लाथ. भक्कम पकडीला वेळ लागतो. तेवढ्यात ताई डाव उलटवते. म्हणून सुरुवातीला साधी पकडच घाला. डाव जमत गेले की जोशाची पट्टी भरते. तिथे ‘स्पेशल’ लुकलुकलं की भक्कम पकड घालून जॉयस्टिक हलवा. झाला हुकमी डाव! मात्र हे सगळं पडद्यावरच हं, धाकट्या भावावर नको!